आहारतक्ता लिहिणारा हात कुणाचा?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून एक निर्णय लागू केला. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन व डाएटेटिक्स हे अभ्यासक्रम यापुढे दूरशिक्षणाने किंवा ऑनलाईन पद्धतीने चालविता येणार नाहीत, त्यांचे नवे प्रवेश बंद, असा तो निर्णय. बातमी आली तशी गेली. कुठे मोर्चा निघाला नाही, कुणी निवेदन दिले नाही. मोठ्या शहरातल्या कुटुंबांना त्याने फरक पडणार नव्हता, कारण त्यांच्या मुली दूरशिक्षणाने शिकतच नव्हत्या. फरक पडणार होता तो धाराशिवसारख्या जिल्ह्यातल्या, घरचे काम आणि अंगणवाडीचे किंवा दवाखान्यातले मानधनाचे काम सांभाळून रात्री पुस्तक उघडणाऱ्या बाईला. तिच्या वतीने बोलायला त्या दिवशी कुणी नव्हते. म्हणून उशिरा का होईना, आम्ही या विषयावर लिहीत आहोत.

आहारतज्ज्ञ हा विषय चळवळीच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. वजन कमी करू पाहणाऱ्या श्रीमंतांची ती चैन आहे, असा आपल्याकडे समज आहे. हा समज चुकीचा आहे. रुग्णालयात डायलिसिसवर असलेल्या माणसाने किती पाणी प्यावे, कोणती भाजी टाळावी. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईने भाकरी किती खावी. तीव्र कुपोषित बालकाला पहिल्या दोन दिवसांत काय पाजावे आणि काय मुळीच पाजू नये, हे ठरविणारा माणूस म्हणजे आहारतज्ज्ञ. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरलेले, त्यात तापाने किंवा जुलाबाने आजारी पडलेले मूल पोषण पुनर्वसन केंद्रात आणले तर त्याला लगेच पोटभर जेवू घालणे जिवावर बेतू शकते. आधी एफ-७५ नावाचे पातळ दूध, १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी, तेही मोजून, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. मूल सावरले की मग एफ-१००. हे शास्त्र आहे. ते शिकावे लागते आणि शिकलेल्या माणसाची नोंद असावी लागते.

आता ही नोंद आपल्याकडे कशी होते ते सांगतो, कारण बारावीच्या निकालानंतर जात पडताळणीची फाईल घेऊन आमच्या टेबलासमोर बसणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या वडिलांना नेमके हेच ठाऊक नसते. इंडियन डाएटेटिक असोसिएशन ही १९६३ साली स्थापन झालेली व्यावसायिकांची संघटना. ती परीक्षा घेते आणि उत्तीर्ण होणाऱ्याला नोंदणीकृत आहारतज्ज्ञ, म्हणजे 'आर.डी.', ही उपाधी लावता येते. या परीक्षेला बसायला साधी पदवी पुरत नाही. पोषण किंवा आहारशास्त्रातील एम.एस्सी. लागते, अथवा विज्ञान पदवीवर आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका लागते, आणि त्यावर मान्यताप्राप्त रुग्णालयात काही महिन्यांची इंटर्नशिप लागते. म्हणजे बारावीनंतर चार-पाच वर्षे शिक्षण, वर रुग्णालयातले महिने, वर परीक्षा. मोठ्या रुग्णालयाच्या नोकरीच्या जाहिरातीत ही दोन अक्षरे मागितली जातात. पण ध्यानात घ्या, ही उपाधी संघटनेने दिलेली आहे, कायद्याने दिलेली नाही. डॉक्टरला वैद्यक परिषद आहे, आम्हा वकिलांना बार कौन्सिल आहे. आहारतज्ज्ञाला असे काही नव्हते. त्यामुळे कुणीही उठावे, दोन आठवड्यांचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगावे आणि पावडरचे डबे विकत 'न्यूट्रिशनिस्ट' म्हणून मिरवावे, असे चालत आले. आमच्या तालुक्यांच्या गावांतही सकाळी काढा आणि शेक पाजणारी अशी दुकाने निघाली आहेत. पैसा जातो तो गरिबाचाच.

२०२१ साली संसदेने राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा केला. त्याच्या अनुसूचीत पोषणशास्त्र व्यावसायिक असा स्वतंत्र वर्ग आहे आणि आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ हे दोन्ही त्यात येतात. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायचे तर किमान ३,६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांचे पदवी शिक्षण हवे, राज्य परिषदेत नाव हवे, असे हा कायदा सांगतो. कायदा झाला आणि कपाटात पडला. राज्यांनी परिषदा नेमण्यात दिरंगाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने केंद्र व राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून अंमलबजावणी करायला सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये अभ्यासक्रमांचे नवे नमुने आले, त्यात पोषण व आहारशास्त्र आहे. आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने वर सांगितलेली बंदी आणली. या कायद्याच्या कक्षेतील विषय दूरशिक्षणाने शिकविले जाऊ नयेत, हे त्यामागचे कारण.

आम्ही या कायद्याचे स्वागत करतो. ते आधीच स्पष्ट केलेले बरे. भोंदूंपासून पेशंटला वाचविणारा कायदा सर्वांत जास्त आमच्या माणसाच्या उपयोगाचा असतो, कारण त्याच्याकडे चुकीच्या सल्ल्यातून सावरायला दुसरा सल्ला विकत घेण्याइतका पैसा नसतो. रुग्णालयात उभे न राहता, पेशंटच्या खाटेपाशी न बसता कुणी आहारतज्ज्ञ होऊ नये, हेही आम्हाला मान्य आहे. पण प्रश्न वेगळा आहे. माडीवर जाण्याचा जिना मोडकळीला आला म्हणून पाडला तर नवा बांधायला नको काय? आणि नवा जिना फक्त मुंबई-पुण्याच्या बाजूनेच बांधायचा, हा कुठला न्याय?

इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात आहारशास्त्र व अन्नसेवा व्यवस्थापन या विषयाची एम.एस्सी. होती. तिची गुणवत्ता कशी होती, प्रात्यक्षिके नीट होत होती का, यावर वाद घालता येईल. पण ती नोकरी करणाऱ्या, लग्न झालेल्या, गाव न सोडू शकणाऱ्या बाईला उपलब्ध होती. तिच्याजागी धाराशिवच्या मुलीला आता काय उरले? मराठवाड्यात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात १९७६ पासून गृहविज्ञान महाविद्यालय आहे, आता त्याला सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात, आणि तेथे अन्न व पोषण विषयात पदव्युत्तर शिक्षण होते. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ आहे, निर्मला निकेतन आहे. पुण्यात, नागपुरात सोय आहे. आणि उमरग्याच्या आमच्या भगिनींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांच्या गावावरून जो सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो त्याच्या शेवटी राष्ट्रीय पोषण संस्था आहे. देशाची ही सर्वोच्च संस्था १९५८ साली कुन्नूरहून हैदराबादला आली. तेथे उपयोजित पोषणाची एम.एस्सी. आहे, प्रवेश परीक्षेवर प्रवेश आहे. पुण्यापेक्षा हैदराबाद उमरग्याला परके नाही. १९५६ पर्यंत आपला कारभार तिथूनच चालत होता. तरी या वाटेने गेलेली मुलगी आमच्या पाहण्यात नाही, कारण तिला कुणी ते सांगितलेच नाही.

इथे एक सापळा आहे, तो सांगितलाच पाहिजे. मराठवाड्यातल्या अनेक कला महाविद्यालयांत, विशेषतः मुलींच्या, बी.ए.ला गृहशास्त्र हा विषय असतो. अकरावी-बारावीला विज्ञानाची तुकडी गावात नाही, शिकवणी परवडत नाही, मुलीला तालुक्याला रोज पाठवायला घरचे धजत नाहीत, म्हणून ती कला शाखेला जाते. गृहशास्त्र घेते, त्यात पोषणाचे धडे वाचते, जीवनसत्त्वे पाठ करते, चांगले गुण मिळविते आणि तिला वाटते की आपण आहारतज्ज्ञ होऊ. पदवी हातात आल्यावर आहारशास्त्राच्या एम.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी तिला दारातूनच परत पाठवितात, कारण पदवी विज्ञानाची नाही, जीवरसायनशास्त्र नाही, शरीरक्रियाशास्त्राची प्रात्यक्षिके नाहीत. तीन वर्षे गेली. हा नियम अन्यायाचा आहे असे आम्ही म्हणत नाही. मूत्रपिंडाचे काम न समजता मूत्रपिंडाच्या पेशंटला आहार सांगता येत नाही. अन्याय हा की महाविद्यालयाने प्रवेश देताना तिला हे सांगितले नाही. जागा भरायच्या होत्या ना! तेव्हा सातवी-आठवीतल्या मुलीच्या पालकांनो, हा निर्णय पदवीच्या वेळी होत नाही. तो दहावीनंतर होतो. विज्ञान सोडले की वाट तिथेच बंद होते.

गृहविज्ञान या विषयाचा इतिहासही इथे आठवावा लागतो. दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज १९३२ सालचे. बडोद्याला हंसा मेहता कुलगुरू असताना महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली. या संस्थांनी पुढे मोठे शास्त्रीय काम केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु सुरुवातीची कल्पना सुशिक्षित घरातील आदर्श गृहिणी घडविण्याची होती. स्वतःचे स्वयंपाकघर असलेल्या, फळा-दुधाची वानवा नसलेल्या घरातली ती गृहिणी. दुसऱ्याच्या रानात खुरपणी करून संध्याकाळी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकणारी बाई त्या अभ्यासक्रमाच्या डोळ्यांसमोर नव्हती. तिचे अन्न अभ्यासक्रमात आले ते 'चुकीच्या सवयी' या मथळ्याखाली.

म्हणूनच आहारतज्ज्ञ कोण होतो हा केवळ नोकरीचा प्रश्न उरत नाही. आमच्या एका पक्षकाराला, लोहारा तालुक्यातल्या शेतमजुराला, मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयाने घरी सोडताना आहाराचा छापील कागद दिला. कागद इंग्रजीत. सकाळी ओट्स, अकराला एक सफरचंद, दुपारी ब्राऊन राईस आणि पनीर, संध्याकाळी ग्रीन टी, रात्री सूप. त्याने तो कागद आमच्याकडे वाचून घ्यायला आणला. कोर्टाची नोटीस असावी असे त्याला वाटले होते! ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, तांदुळजा, पाथरी, घोळ, जवसाची चटणी, अंबाडी यातले एक नाव त्या कागदावर नव्हते. अंडे नव्हते. ज्या जिल्ह्याच्या नावाने उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते त्या जिल्ह्यातल्या माणसाला मटणाचा रस्सा किती आणि केव्हा चालेल हे सांगायची गरज त्या लिहिणाऱ्याला वाटली नव्हती. लिहिणारा वाईट माणूस होता असे नव्हे. त्याला हे ताट माहीतच नव्हते.

हे ताट ज्याने कागदावर आणले तो लेखक आपल्याच जिल्ह्याचा आहे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या घरात काय शिजत होते, कसे शिजत होते, वाळविलेल्या मांसाच्या चान्या कशा टिकविल्या जात, काही न फेकता कसे खाल्ले जाई, याची त्यात नोंद आहे. २०२४ साली ते इंग्रजीत गेले आणि मग जगभर त्याची चर्चा झाली. आमचे म्हणणे असे की हे पुस्तक साहित्याच्या विद्यार्थ्याइतकेच आहारशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले ते स्वाभिमानासाठी, लाचारीच्या अन्नातून बाहेर पडण्यासाठी. त्याचा अर्थ आमच्या आयाबायांचे सगळे अन्न घाणेरडे, असा कुणी लावू नये. पोषणाच्या भाषेत त्या ताटात काय होते, काय नव्हते, हे मोजायचे काम अजून बाकी आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत ५२८ पदार्थांचे घटक दिले आहेत, त्यात निरनिराळ्या जनावरांची मांसे आहेत. संस्थेला ते अन्न वाटते. दवाखान्यातल्या आहारतक्त्यापर्यंत येईतो ते अन्न राहत नाही, हा काय चमत्कार आहे? २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवर बंदी आली, म्हशीच्या मांसावर नाही. कायद्याने जे खाता येते त्याबद्दलही तोंड उघडायला आहारतज्ज्ञ कचरतो. पेशंटही लाजतो. खरे काय खातो ते सांगत नाही आणि मग सल्ला हवेत जातो.

अंड्याचेच पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरविले, न खाणाऱ्याला केळे. विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा निधी काढून घेतला आणि शाळांना हवे तर लोकसहभागातून द्या म्हणून सांगितले. लोकसहभाग म्हणे! ज्या वस्तीतल्या पोराला अंड्याची गरज आहे त्या वस्तीनेच वर्गणी काढायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुरटलेली आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. या आकड्यांपुढे उभे राहून 'हे अंडे औषधाइतके आवश्यक आहे' असे ठणकावून सांगणारा नोंदणीकृत आहारतज्ज्ञांचा आवाज केवढा असायला हवा होता? फार थोडे बोलले. ताट कुणी वाढावे याबद्दलही असेच आहे. २० एप्रिल २००४ रोजी अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शालेय आहाराच्या स्वयंपाकी व मदतनिसांच्या नेमणुकीत दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यायला सांगितले. आमची बाई मानधनावर चुलीपाशी पोचली, तीही पुष्कळ ठिकाणी भांडून. पण त्या चुलीवर काय शिजावे हे ठरविणाऱ्या टेबलापाशी ती अजून पोचलेली नाही. त्या टेबलाकडे जाणारी वाट एम.एस्सी.तून जाते.

वकिलीतला एक अनुभव जाता जाता सांगतो. मोटार अपघाताच्या दाव्यात नुकसानभरपाई मागताना 'विशेष आहार' असे एक सदर असते. आम्ही त्यात एक ठोकळ आकडा टाकतो, विमा कंपनीचा वकील तो कमी करायला सांगतो, न्यायाधिकरण मधला एखादा आकडा देते. इतक्या वर्षांत या सदराखाली नोंदणीकृत आहारतज्ज्ञाचा दाखला जोडलेला आम्ही पाहिला नाही. मांडीचे हाड मोडलेल्या मजुराला किती महिने काय खावे लागेल आणि त्याला किती खर्च येईल, हे सांगणारा साक्षीदारच जिल्ह्यात मिळत नाही. मिळाला असता तर कित्येक घरांना चार पैसे जास्त मिळाले असते.

आता पैशाकडे वळू. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रात ५१ हजार. रक्कम वेळेवर येत नाही ही रड वेगळी. परंतु खरा खड्डा त्याच्या पुढे आहे आणि तो योजना आखणाऱ्यांच्या नजरेला पडलेला नाही. पदवीचा निकाल लागला की मुलगी 'विद्यार्थिनी' राहत नाही. वसतिगृह सुटते, शिष्यवृत्ती थांबते, स्वाधार संपते. आणि पुष्कळ ठिकाणी इंटर्नशिप सुरू होते ती त्यानंतर! मोठ्या शहरातल्या रुग्णालयात सकाळी आठपासून वॉर्डात उभे राहायचे, खोलीभाडे भरायचे, डबा लावायचा आणि हातात विद्यावेतन शून्य. काही रुग्णालये तर उलट मुलींकडूनच शुल्क घेतात. एम.बी.बी.एस.च्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरला विद्यावेतन मिळते, ते त्याचा हक्क म्हणून मिळते. मग त्याच वॉर्डात, त्याच पेशंटच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या आहारशास्त्राच्या मुलीने फुकट का राबावे? परंड्याची एक मुलगी एम.एस्सी. होऊन गावी परत आली आणि खासगी शाळेत विज्ञान शिकवू लागली. हुशारीत कमी पडली म्हणून नव्हे. इंटर्नशिपच्या सहा महिन्यांचा खर्च वडिलांच्या ऊसतोडीच्या उचलीतून निघत नव्हता म्हणून. आपल्या पदव्युत्तर मुलींची गळती मोजायची असेल तर ती परीक्षेच्या निकालात मोजू नका, या सहा महिन्यांत मोजा.

अमेरिकेतही पायरी उंच झाली आहे. १ जानेवारी २०२४ पासून तेथे नोंदणीच्या परीक्षेला बसायला किमान पदव्युत्तर पदवी लागते, त्याआधी पदवी पुरत होती. गरीब आणि काळ्या विद्यार्थ्यांची वाट यामुळे आणखी अरुंद होईल, असा आक्षेप तेथील व्यवसायातूनच घेतला गेला. म्हणजे पात्रता उंचावली की कुणाचा हात सुटतो हे जगात सगळीकडे दिसते आहे. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला गेले ते बडोदा संस्थानची तीन वर्षांची शिष्यवृत्ती हातात असल्यामुळे. बुद्धी त्यांची होती, पण महिन्याची रक्कम ठरलेली नसती तर बोटीचे तिकीट बुद्धीने निघाले नसते. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी आईच्या विश्रांतीचा भार शासनानेही उचलावा अशी भूमिका घेतली. आईच्या पोटातल्या पोराच्या पोषणाचा विचार आपल्या चळवळीत त्या काळापासून आहे.

याच बाबासाहेबांनी १९४१ च्या फेब्रुवारीत आपल्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद घेतली. त्या जिल्ह्याची आज नोंद कशी आहे? २०१८ साली नीती आयोगाने देशातले मागास जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि आपला. या जिल्ह्यांच्या गुणांकनात आरोग्य व पोषणाला ३० टक्के वजन आहे. पोषणाचे गुण हवेत, पण पोषण शिकविणारा विभाग जिल्ह्यात नको, हे कसे चालेल? सामान जवळजवळ सगळे इथे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपपरिसर केंद्र धाराशिवला २००४ पासून आहे. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांचे विभाग तेथे निघाले. २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, म्हणजे शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र शिकविणारे प्राध्यापक गावात आले आणि खाटांचे रुग्णालय आले. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, गावपातळीच्या अभ्यासाचा तिला अनुभव आहे. विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून पोषण व आहारशास्त्राची पदवी आणि पुढे एम.एस्सी. इथे सुरू करावी, अनुसूचित जातीच्या १३ टक्क्यांसह सर्व आरक्षण लागू असलेली शासकीय जागा निर्माण करावी, ही आमची पहिली मागणी. खासगी अभिमत विद्यापीठांना राज्याचा आरक्षण कायदा लागू नाही. घटनेच्या कलम १५(५) ने २००५ च्या त्र्याण्णवाव्या दुरुस्तीनंतर खासगी संस्थांतही आरक्षण आणण्याची मुभा दिली, तरी सरकारने तिचा पूर्ण वापर केलेला नाही. तेव्हा हा विषय खासगीकरणाच्या हवाली झाला तर पुढच्या पिढीतही तक्ता लिहिणारे तेच राहतील आणि वाचायला कोर्टात आणणारे आपणच.

दुसरी मागणी विद्यावेतनाची. इंटर्नशिप पदवीच्या कालावधीतच धरावी, म्हणजे शिष्यवृत्ती आणि स्वाधार चालू राहील. आणि शासकीय रुग्णालयात काम करणाऱ्या आहारशास्त्राच्या प्रशिक्षणार्थीला दरमहा विद्यावेतन मिळावे. तिसरी, राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या आहारतज्ज्ञांच्या पदांविषयी. ही पदे कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर, पुढे मिळेल की नाही या भीतीत बसलेला माणूस अंड्याच्या बाजूने वरिष्ठांशी भांडणार आहे काय? जिल्हा रुग्णालयात, स्त्री रुग्णालयात आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात नियमित पद हवे आणि बिंदुनामावलीप्रमाणे ते भरले गेले पाहिजे. कंत्राटी भरतीत आरक्षण कसे विरघळून जाते ते आम्ही वेगळे सांगायला नको.

राज्य परिषदेची नोंदणी पुढेमागे होईल तेव्हा कागदांची छाननी होणार आहे. ज्या भगिनींनी बंदीपूर्वी दूरशिक्षणाने प्रवेश घेतला, त्यांनी प्रवेशाचे पत्र, शुल्काच्या पावत्या, ओळखपत्र, प्रात्यक्षिकांचे हजेरीपत्रक आणि इंटर्नशिपचा तारखेनिशी दाखला, रुग्णालयाच्या शिक्क्यासह, एका फाईलमध्ये लावून ठेवावा आणि प्रत्येकाच्या दोन साक्षांकित प्रती काढाव्यात. प्रवेश कोणत्या सत्रातला, यावरच उद्या वाद होईल. शुल्काच्या पावतीवर सत्र छापलेले नसेल तर विद्यापीठाकडून आताच लेखी घ्यावे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाहीत. अर्ज कसा लिहावा हे कुणाला विचारायचे असेल तर आम्ही कोर्टाच्या सुट्टीचे दिवस सोडून रोज दुपारी जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतो.